इनामगावचा कालवा ते ई-फेरफारचा सर्व्हर: जमिनीची नोंद चालती ठेवण्याचा इतिहास

१/ पुण्याच्या पूर्वेस, शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी इनामगाव वसले आहे. पुरातत्त्वाच्या अभ्यासकांना हे नाव ताम्रपाषाणयुगीन वसाहतीमुळे परिचित आहे. गावच्या शेतकऱ्याला तीच भूमी गट नंबर आणि सातबाऱ्यामुळे परिचित असते. सर्वांच्या उपयोगाची व्यवस्था एकदा उभी केल्यावर तिची देखभाल कोण करतो, हा प्रश्न या दोन्ही ओळखींच्या मुळाशी आहे. जमिनीच्या नोंदीच्या संदर्भात त्या प्रश्नाचा मागोवा घेणारा हा धागा.

२/ डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात इनामगाव येथे विस्तृत उत्खनन केले. सांकलिया, अन्सारी आणि ढवळीकर ही या कामाशी जोडलेली प्रमुख नावे. इ.स.पू. सुमारे १६०० ते ७०० या काळातील माळवा, पूर्व जोर्वे आणि उत्तर जोर्वे अशा तीन टप्प्यांतील वस्ती येथे उजेडात आली. शंभराहून अधिक घरांचे अवशेष मिळाल्यामुळे एका संपूर्ण गावाची रचना अभ्यासकांना पाहता आली.

३/ पूर्व जोर्वे काळातील दोन गोष्टी विशेष महत्त्वाच्या ठरल्या. एक, नदीच्या पुराचे पाणी वळवणारा कालवा आणि त्यालगतचा दगडमातीचा बांध. दुसरी, पाच दालनांच्या एका मोठ्या घराशेजारील धान्यकोठार. हे घर गावप्रमुखाचे आणि कोठार सार्वजनिक असावे, असा निष्कर्ष काढण्यात आला. पुराच्या पाण्याबरोबर गाळ येतोच. तो काढणे, बांध सावरणे आणि धान्याचा हिशोब ठेवणे ही कामे लिपी नसतानाही कोणाकडे तरी सोपवलेली असणार.

४/ इ.स.पू. १००० च्या सुमारास चित्र पालटले. प्रशस्त चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, शेती आक्रसली, पशुपालन व शिकार यांवरील भर वाढला. ढवळीकर यांनी या ऱ्हासाची संगती वाढत्या कोरड्या हवामानाशी लावली. इ.स.पू. ७०० च्या सुमारास वस्ती उठली. कालवा आणि कोठार यांचा हिशोब ज्यांच्या स्मरणात होता, त्यांच्याबरोबर तोही गेला. आज उरली आहे ती केवळ मातीतील खूण.

५/ पुढे अनेक शतकांनी याच प्रदेशात जमिनीचा हिशोब कागदावर आला. गावाच्या नावातील ‘इनाम’ हा शब्द त्या कागदी जगातला आहे. इनाम म्हणजे सेवेबद्दल, देवस्थानासाठी किंवा राजकृपेने दिलेली, सारा पूर्णतः वा अंशतः माफ असलेली जमीन अथवा गाव. असा हक्क प्रत्यक्ष शेतात कोठेही दिसत नाही. तो सनदेत आणि वहीत असतो. वही नष्ट झाली वा बदलली, तर हक्कच वादात पडतो.

६/ मराठेशाहीत गावचा हिशोब कुलकर्णी मोडी लिपीत लिहीत असे, तर परगण्याच्या पातळीवर देशपांडे आपले दप्तर राखीत असे. म्हणजे एकाच वसुलीची माहिती दोन ठिकाणी, दोन वेगळ्या हातांनी लिहिलेली असे. गावच्या आकड्यावर शंका आली, तर परगण्याच्या दप्तराशी ताडून पाहता येई. संगणकाच्या भाषेत ज्याला आज बॅकअप म्हणतात, त्याची गरज त्या काळच्या व्यवस्थेलाही ठाऊक होती.

७/ आणि दोन्ही दप्तरे जळाली वा लुटली गेली तर? अशा वेळी गोतसभा बसे. पाटील, कुलकर्णी, बलुतेदार आणि शेजारगावचे जाणते एकत्र येत, साक्षी होत आणि निर्णयाचा महजर लिहिला जाई. हरवलेली नोंद समाजाच्या स्मरणातून पुन्हा उभी करण्याची ही रीत होती. तिच्यात दुर्बळाचा आवाज दबण्याचा धोका होताच. पण नोंदीची शेवटची पडताळणी गावासमोर होते, हे तत्त्व त्यात रुजले.

८/ १८१८ मध्ये पेशवाई संपली आणि दख्खनवर कंपनीचा अंमल आला. १८२० च्या दशकाच्या उत्तरार्धात रॉबर्ट कीथ प्रिंगल या अधिकाऱ्याने पुणे भागात नवी मोजणी व साराआकारणी हाती घेतली. त्याची पद्धत पुस्तकी अर्थशास्त्रावर बेतलेली होती. प्रत्येक जमिनीचे उत्पन्न, त्यातून लागवडीचा खर्च वजा आणि उरलेल्या निव्वळ उत्पन्नाचे ५५ टक्के सरकारचे. कागदावर हे गणित निर्दोष भासे.

९/ प्रत्यक्षात ही व्यवस्था कोसळली. निव्वळ उत्पन्न काढण्यासाठी लागणारी माहिती अफाट होती. ती गोळा करणाऱ्या कनिष्ठ नोकरांवर देखरेख अपुरी होती. मोजणीत चुका आणि लबाडी दोन्ही शिरल्या. त्यातच धान्याचे भाव उतरले. सारा झेपेना म्हणून रयतेने जमिनी टाकल्या. वरून आखलेली व्यवस्था ती चालवणाऱ्या हातांचा विचार न करता बसवली, म्हणजे काय होते, याचा हा जिल्ह्यातीलच दाखला आहे.

१०/ १८३५-३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट यांनी पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यात नव्याने आरंभ केला. त्यांनी सिद्धान्तापेक्षा व्यवहाराकडे पाहिले. जमिनीची प्रत मातीची खोली आणि पोत यांवरून ठरवायची, पूर्वी प्रत्यक्ष किती वसूल झाला ते पाहायचे आणि सारा तीस वर्षांसाठी स्थिर ठेवायचा. एका तालुक्यात पद्धत तावून-सुलाखून घेतल्यावर ती इतरत्र नेण्यात आली.

११/ या पद्धतीने गावाला तीन टिकाऊ गोष्टी दिल्या. प्रत्येक शेताला सर्व्हे नंबर, हद्दीवर खुणेचे दगड आणि प्रत्येक नंबरचे क्षेत्र व आकार नोंदवणारे आकारबंद. आकारबंदातील क्षेत्रांची बेरीज गावाच्या क्षेत्राशी जुळलीच पाहिजे; जुळली नाही, तर चूक कोठे तरी आहे हे तत्काळ कळते. हद्दीचे दगड सांभाळण्याची जबाबदारी जमीनधारकांवर होती. दगड हलला, तर वहीतील आकडा निरर्थक ठरे.

१२/ दरम्यान इनामांचीही झडती झाली. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला वैधानिक बळ मिळाले आणि मुंबई इलाख्यातील इनामदारांना पिढ्यान्‌पिढ्यांच्या हक्काचे कागद दाखवावे लागले. ज्यांच्याकडे सनद उरली नव्हती, त्यांचा उपभोग खरा असूनही हक्क डळमळला. असंतोष वाढल्यावर १८६३ च्या कायद्यांनी ठरावीक रक्कम भरून हक्क कायम करून घेण्याची वाट काढली. पुण्याच्या पेशवे दप्तरातील कागदांना या काळात न्यायनिवाड्याचे मोल आले.

१३/ सर्व्हेचा उद्देश सारा कोणाकडून घ्यायचा हे ठरवण्याचा होता. जमीन गहाण कोणाकडे आहे, कुळ कोण, वाटणी कशी झाली, हे त्यात नेमके उमटत नसे. ही उणीव भरून काढण्यासाठी १९०३ मध्ये मुंबई इलाख्यात अधिकार अभिलेखाचा कायदा झाला. येथून जमिनीची नोंद साऱ्याची वही न राहता माणसांच्या हक्कांची वही बनू लागली.

१४/ गावदप्तराचे नमुने १ ते २१ अशा क्रमांकांनी ओळखले जातात. नमुना ७ म्हणजे अधिकार अभिलेख, नमुना १२ म्हणजे पिकांची नोंद. हे दोन एकाच कागदावर आले आणि ‘सातबारा’ हा शब्द घराघरांत पोहोचला. नमुना ८-अ हा एका खातेदाराच्या सर्व जमिनींचा गोषवारा. आणि या सर्वांच्या पाठीशी असतो नमुना ६, म्हणजे फेरफार नोंदवही. सातबारा ही आजची स्थिती. फेरफार हा ती स्थिती कशी आली याचा क्रमवार वृत्तान्त.

१५/ महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ मध्ये बदलाची रीत सविस्तर दिली आहे. हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचे. तलाठी फेरफार लिहितो, नोटीस काढतो, हरकतीसाठी पंधरा दिवस देतो. त्यानंतर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. लिहिणारा आणि मंजूर करणारा वेगळा असणे, ही या रचनेतील मुख्य खबरदारी आहे.

१६/ स्वातंत्र्यानंतर या चालत्या व्यवस्थेत एकामागून एक मोठे बदल झाले. १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्यानंतर अनेक गावांत सर्व्हे नंबरांच्या जागी गट नंबर आले. १९५१ पासून वंशपरंपरागत कुलकर्णी वतन संपले आणि नेमणुकीचा, बदली होणारा तलाठी आला. एकर-गुंठ्यांच्या जागी हेक्टर-आर आले. प्रत्येक बदल रास्त होता. पण प्रत्येक वेळी जुनी वही नव्या नमुन्यात उतरवून काढावी लागली.

१७/ उतरवून काढताना चुका होतात. चाळीस गुंठ्यांचा एकर सुमारे ४० आर भरतो, ‘०.४०’ चे ‘४.००’ झाले, तर कागदोपत्री शेत दसपट होते. एखाद्या मृत खातेदाराच्या वारसांतून मुलीचे नाव निसटते. जुन्या सर्व्हे नंबरवरील विहिरीचा सामायिक हक्क नव्या गटाच्या ‘इतर हक्कां’त येतच नाही. लिहिणाऱ्याच्या दृष्टीने ती एक ओळ असते. वारसाच्या दृष्टीने ती पुढील वीस वर्षांची कोर्टकचेरी असते.

१८/ संगणकीकरणाचा आरंभही इंदापूरप्रमाणे प्रायोगिकच होता. १९८८-८९ मध्ये केंद्र शासनाने देशातील आठ जिल्ह्यांत भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणाचा पथदर्शी प्रकल्प घेतला. महाराष्ट्रातून वर्धा जिल्हा निवडला गेला. पुढे तालुक्याच्या कचेऱ्यांत संगणक आले, हस्तलिखित सातबारे टंकित झाले आणि छापील उतारे मिळू लागले.

१९/ परंतु छापील उतारा आणि चालू नोंद यांत अंतर राहिले. फेरफार गावच्या वहीत लिहिला जाई आणि संगणकात तो नंतर कधी तरी भरला जाई. त्यामुळे एकाच जमिनीची दोन रूपे तयार होत. त्यात भर लिपीची. युनिकोड रूढ होण्यापूर्वी मराठी मजकूर विशिष्ट फॉन्ट वा संकेतप्रणालीशी बांधलेला असे. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर नावांच्या जागी निरर्थक चिन्हे दिसत. पुण्याच्या सी-डॅकने भारतीय लिपींच्या संगणकीय वापरावर मूलभूत काम केले, तरी जुनी माहिती नव्या संकेतांत नेणे हे स्वतंत्र, जिकिरीचे काम राहिले.

२०/ २००८ मध्ये राष्ट्रीय भूमी अभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रम आला. महाराष्ट्रात जमाबंदी आयुक्तांच्या अखत्यारीत, राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या पुणे येथील चमूच्या साहाय्याने, ई-फेरफार ही प्रणाली उभी राहिली. आता फेरफार मुळातच संगणकावर जन्मू लागला. दुय्यम निबंधक कार्यालयातील आय-सरिता प्रणालीत खरेदीखत नोंदले, की त्याची माहिती फेरफारासाठी महसूल यंत्रणेकडे जाऊ लागली. वही आणि संगणक अशी दोन रूपे राहण्याचे कारणच उरू नये, हा हेतू होता.

२१/ या प्रणालीत जुन्या कायद्याची चौकट जपली गेली आहे. तलाठी आपल्या डिजिटल स्वाक्षरीच्या टोकनने प्रवेश करून नोंद घेतो. मंडळ अधिकारी स्वतःच्या वेगळ्या टोकनने ती प्रमाणित करतो. कोणी, कोणत्या दिवशी, काय बदलले याची खूण मागे राहते. कुलकर्णी आणि देशपांडे यांच्या दोन दप्तरांमागे जी शंका होती, तीच या दोन टोकनांमागे आहे: एकाच हाती सर्व अधिकार नसावेत.

२२/ राज्यातील सातबाऱ्यांची संख्या अडीच कोटींच्या आसपास आहे. ही माहिती शासनाने आपल्याच अखत्यारीतील सर्व्हरवर ठेवली. ज्याच्यावर लोकांच्या मालकीचा पुरावा अवलंबून आहे, ती गोष्ट स्वतःच्या ताब्यात ठेवण्याचा हा निर्णय समजण्याजोगा आहे. मात्र त्याबरोबर सर्व ओझेही आले. साठवणक्षमता वाढवणे, नियमित प्रती काढून त्या परत चालतात का ते तपासणे, सुरक्षेच्या त्रुटी बुजवणे, नवी आवृत्ती चढवताना जुनी माहिती शाबूत ठेवणे, हे सारे त्यात आले. कालव्यातील गाळाप्रमाणेच हे काम दरवर्षी नव्याने साचते.

२३/ हे ओझे कमी लेखले, की त्याचे परिणाम गावात दिसतात. ‘सर्व्हर डाऊन’ हे शब्द तलाठी कार्यालयात मराठी म्हणूनच रुळले. खरिपाच्या तोंडावर पीककर्जासाठी उतारा हवा असतो, तेव्हाच सर्वांची झुंबड उडते आणि यंत्रणा मंदावते. बियाणे घेण्याचे दिवस पावसावर ठरतात. आठवडाभर उतारा मिळाला नाही, तर काहींना सावकाराचे दार गाठावे लागते. व्यवस्थेची क्षमता सरासरी दिवसावर आखून भागत नाही. ती पेरणीच्या आठवड्यावर आखावी लागते.

२४/ आणखी अवघड प्रश्न यंत्राचा नसून मजकुराचा होता. संगणकातील सातबारा मूळ हस्तलिखिताशी जुळतो का? त्यासाठी प्रणालीत एडिट मॉड्यूल देण्यात आले. ज्या नंबरांचे क्षेत्र जुळत नाही, ज्यांत नाव आणि खाते यांचा मेळ बसत नाही, त्यांच्या याद्या निघू लागल्या. विंगेटच्या काळातील आकारबंद येथे पुन्हा कामी आले: क्षेत्राची बेरीज जुळते की नाही, ही कसोटी यंत्रालाही लावता येते.

२५/ पण नाव चुकले आहे का, हे बेरजेतून कळत नाही. म्हणून २०१७ मध्ये राज्यभर चावडी वाचनाची मोहीम झाली. संगणकीकृत सातबारे गावात लोकांसमोर वाचून दाखवायचे, खातेदारांनी आक्षेप नोंदवायचे आणि त्यानुसार रि-एडिट मॉड्यूलमधून दुरुस्त्या करायच्या. ‘हे नाव आमच्या चुलत्यांचे, ते वारले’ किंवा ‘यात बहिणीचे नाव राहिले’ हे सर्व्हरला ठाऊक नसते. चावडीवर बसलेल्या माणसाला ठाऊक असते. गोतसभेचे स्मरण येथे नव्या रूपात उपयोगी पडले.

२६/ या पडताळणीनंतर पुढचे टप्पे शक्य झाले. १ मे २०१८ रोजी डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा सुरू झाला. तलाठ्याच्या शाईच्या सहीविना तो ग्राह्य ठरला. २०२० मध्ये सातबाऱ्याचा नमुना सुधारला. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीद्वारे नमुना १२ ची नोंद शेतकरी स्वतः मोबाइलवरून करू लागला, आणि २०२२ मध्ये त्या ॲपची दुसरी आवृत्ती आली. अद्ययावत ॲप उतरवून घेणे हेही आता शेतीच्या वेळापत्रकातील एक काम झाले.

२७/ दुरुस्तीच्या अधिकाराची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी लागते. अधिनियमाच्या कलम १५५ नुसार लेखनप्रमाद दुरुस्त करता येतो. परंतु ज्याला चूक सुधारण्याची मुभा आहे, त्याला बरोबर नोंद बिघडवण्याचीही संधी मिळते. म्हणून लेखनाची चूक आणि हक्काचा वाद यांत भेद करावा लागतो: पहिली कागद पाहून सुधारता येते, दुसऱ्यासाठी दोन्ही बाजू ऐकाव्या लागतात. देखभाल करणाऱ्यावर देखरेख कोणाची, हा प्रश्न प्रिंगलच्या मोजणीत होता आणि आजही आहे.

२८/ नागरिकाच्या हाती या साखळीतील थोडा पण निर्णायक भाग आहे. घरात मृत्यू झाल्यास तीन महिन्यांत वारसनोंदीसाठी कळवणे. फेरफाराची नोटीस निघाल्यावर हरकतीची पंधरा दिवसांची मुदत न दवडणे. सातबाऱ्यावरील क्षेत्र ८-अ शी ताडून पाहणे. संकेतस्थळावर विनामूल्य दिसणारा उतारा माहितीपुरता असतो, तर कामकाजासाठी डिजिटल स्वाक्षरीचा लागतो, हा भेद जाणणे. आणि जुने हस्तलिखित उतारे, खरेदीखते, वाटणीपत्रे जपून ठेवणे. संगणकातील नोंद कधी ताडायची झाली, तर ताडणार याच कागदांशी.

२९/ इनामगावच्या प्राचीन रहिवाशांना लिपी अवगत नव्हती. त्यांच्या कोठारात कोणाचे किती धान्य होते, कालव्याचे पाणी आधी कोणाच्या शेताला मिळे, हे आता कोणीही सांगू शकत नाही. आजच्या इनामगावात प्रत्येक गटाला नंबर आहे, नाव आहे आणि त्या नावामागे फेरफारांची ओळ आहे. ही ओळ पुढील पिढीला वाचता यावी, यासाठी सर्व्हर सांभाळणारा तंत्रज्ञ, नोंद घेणारा तलाठी आणि चावडीवर आपले नाव लक्षपूर्वक ऐकणारा खातेदार, तिघेही आपापल्या जागी लागतात.